वीतभर जागा : शाळेच्या भिंतीवरच्या कालपटाच्या प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. रस्त्याकडच्या कंपाउंडला सुट्टीतच पांढरा हात मारून झालाय. आधी तिथे स्वच्छतेच्या घोषणा होत्या, त्यांतली निम्मी अक्षरं पोपडे धरून गळाली होती. मुख्याध्यापकांनी भिंत माझ्या ताब्यात दिली ती एका अटीवर: “बाई, दर वर्षी रंगवावं लागेल असं काही काढू नका.”

ठरलंय असं, की माणसाच्या पहिल्या हत्यारापासून प्राचीन संस्कृतींपर्यंतचा कालपट काढायचा. पाचवी ते सातवीचा इतिहास माझ्याकडे असल्याने हे माझ्याच गळ्यात येणार होतं. मनात चार खाने होते: पाषाणयुग, ताम्रपाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग. प्रत्येकात दोन-तीन चित्रं, खाली दोन ओळी.

संध्याकाळी पेंटरमामा भिंत बघायला आले. घोडनदीच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. खिशातून टेप काढत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “खाने सारखेच पाडू का कमी-जास्त?”

मी म्हटलं, सारखेच. घरी जाताना एसटीत बसले आणि लक्षात आलं, आपण न विचार करता बोललो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

भिंत मोजली. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत ६६ मीटर ४० सेंटिमीटर. वरचे ४० फाटकाच्या खांबाला सोडून दिले.

आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारं केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, लोमेक्वी इथली. वय ३३ लाख वर्षं. हिशोब फारच सोयीचा निघाला. फाटक म्हणजे लोमेक्वी, कोपरा म्हणजे आज. १ मीटरला ५० हजार वर्षं, १ सेंटिमीटरला ५००.

मग कोपऱ्याकडून मागे मोजत वहीत एकेक जागा मांडली. इथियोपियातल्या गोनाची हत्यारं (२६ लाख वर्षं) ५२ मीटरवर. घडीव हातकुऱ्हाड पहिल्यांदा दिसते ती पुन्हा तुर्कानाच्याच परिसरात, १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे ३५ मीटर २० वर. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी १५ लाख वर्षांच्या, त्या ३० मीटरवर. मोरोक्कोच्या जेबेल इरहूदमधले आपल्या जातीचे, होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने अवशेष ३ लाख वर्षांचे. ते थेट ६ मीटरवर, म्हणजे पिंपळाच्या पाराच्याही अलीकडे.

आणि शेती? गावं? नगरं, लिपी, राजे, मंदिरं, रेल्वे? तुर्कस्तानातलं गोबेक्ली तेपे, कोरीव दगडी खांबांचं प्राचीन स्थळ, इ.स.पू. ९५०० च्या आसपासचं. तिथपासून आजपर्यंतचं सगळं २३ सेंटिमीटरमध्ये.

पट्टी ठेवून बघितलं. मग हात ठेवून बघितला. बरोबर एक वीत.

पाठ्यपुस्तकाचं जवळजवळ सगळं ऐवज या एका वीतेत आहे. माझ्या चार सारख्या खान्यांपैकी तीन त्यातच कोंबायचे होते. शिवराज्याभिषेक कोपऱ्यापासून ७ मिलिमीटरवर येतो. मामांचा सर्वांत बारीक ब्रश त्याहून जाड आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उरलेल्या पासष्ट मीटरांवर काढायचं काय? शिक्षकांच्या खोलीत सूचनांचा पाऊस पडला. डायनोसॉर काढा. (नाही. ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. याच मापाने भिंत वाढवली तर ते सव्वा किलोमीटर पलीकडे.) गुहेतला केसाळ माणूस काढा. वाघ काढा, मुलांना आवडतो.

मी हट्टाने एकच वस्तू काढायचं ठरवलंय: हातकुऱ्हाड. थेंबासारखी, एका टोकाला निमुळती, दोन्ही बाजूंनी छिलके काढून कड आणलेली. ३५ व्या मीटरपासून पुढे दर मीटरला एक. २५ वर्षांची एक पिढी धरली तर दोन कुऱ्हाडींच्या मध्ये दोन हजार पिढ्या येतात. पुढे पुढे घडण जरा पातळ, जरा नेटकी होत जाते. रस्त्याने चालणाऱ्याला मात्र तीच ती वाटणार. चालून कंटाळा यायला हवा. दहा लाख वर्षांहून जास्त काळ माणसाच्या हातात हेच अवजार होतं, ही गोष्ट मला वर्गात कधी नीट सांगता आली नाही. पाय दुखले की कळेल.

एका ठिकाणी अडले. शेजारच्या जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी हे गाव. तिथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराशी हातकुऱ्हाडी सापडल्या. राखेचं वय ठरवायला घेतलं तेव्हा एका मोजणीत १४ लाख वर्षं आलं, दुसरीत पावणेसात लाखांच्या आसपास. आणि काही अभ्यासकांच्या मते ही सुमात्रातल्या टोबाच्या स्फोटाची राख, म्हणजे फक्त ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची. भिंतीवर हा फरक २८ व्या मीटरपासून दीड मीटरपर्यंतचा. मी तेवढी तुटक रेघ ओढायला सांगितली. मामांनी साडेसव्वीस मीटर दोरी मारली, निळीची भुकटी झटकली आणि म्हणाले, “एवढा लांब वाद आमच्या भावकीतपण नाही.”

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कुऱ्हाडींचे पहिले दहा आकार खडूने काढून झाले. पुठ्ठ्याचा साचा सातवीच्या मुलींनी कापला. उद्या मतदान, शाळा केंद्र आहे, माझी ड्युटी दुसऱ्या गावात. काम बंद.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल केंद्रावर काय झालं ते आज कळलं. सकाळीच कुणीतरी हरकत घेतली की भिंतीवर ओळीने एकाच पक्षाचं चिन्ह काढलंय. कुठल्या पक्षाचं, ते कुणाला सांगता येईना. कुणी पान म्हणालं, कुणी आंबा, कुणी थेंब. तिथल्या अधिकाऱ्यांनी वाद नको म्हणून दहाही कुऱ्हाडींवर वर्तमानपत्रं चिकटवली. खळ इतकी पक्की की काढताना पांढरा रंगही निघाला. पंधरा लाख वर्षं टिकलेली वस्तू आचारसंहितेत सापडली.

२४ नोव्हेंबर, रविवार

वीतेचा प्रश्न सुटला, निदान कागदावर.

व्हरांड्याची आतली भिंत २४ मीटर आहे. बाहेरच्या भिंतीवरचे शेवटचे २४ सेंटिमीटर तिथे शंभर पट मोठे करून काढायचे. मग १ सेंटिमीटरला ५ वर्षं, १ मीटरला ५००. बाहेर वीतभर जागा लाल चौकटीत बांधायची आणि लिहायचं: ‘यापुढचे आत पाहा.’

आतली मांडणी, आजपासून मागे:

गोबेक्ली तेपे २३ मीटर. बोलन खिंडीच्या पायथ्याचं मेहरगढ, इ.स.पू. ७००० पासूनचं शेतकऱ्यांचं गाव, १८ मीटर. (तिथे गारगोटीच्या टोच्याने दाढा कोरलेल्या सापडल्यात, माणूस जिवंत असताना. नऊ माणसं, अकरा दाढा. हे लिहायचंच. पोरं रोज दात घासतील.) मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उरुक नगराच्या मातीच्या पाट्यांवरचं लेखन साधारण साडेदहा मीटरवर, इजिप्तचं एकीकरण त्याला अगदी खेटून. गीझाचा मोठा पिरॅमिड ९ मीटर १७. सिंधू संस्कृतीची भरभराट, इ.स.पू. २६०० ते १९००, ९ मीटर २५ पासून ७ मीटर ८५ पर्यंत. इनामगाव, इ.स.पू. १६०० ते ७००, ७ मीटर २५ पासून ५ मीटर ४५ पर्यंत.

शेवटच्या दोन ओळींची वजाबाकी मी दोनदा केली. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या भरभराटीला १ मीटर ४० मिळतात, आपल्या घोडनदीकाठच्या इनामगावाला १ मीटर ८०. सातशे वर्षं नगरं, नऊशे वर्षं गाव. मी याच तालुक्यात वाढले आणि हे मला आज, बेचाळिसाव्या वर्षी, टेपने कळलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

युगांच्या नावांनी डोकं उठलंय.

दगड, कांसं, लोखंड ही विभागणी कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या ख्रिस्तियन थॉमसन यांची. त्यांची पुस्तिका १८३६ ची. खोल्यांत वस्तू लावायच्या होत्या, म्हणून त्यांनी धातूवरून गट पाडले. गोदाम लावण्याची ती पद्धत. चांगली पद्धत, पण डेन्मार्कची. पुढे १८६५ मध्ये जॉन लबक यांनी दगडाचेही जुना आणि नवा असे दोन तुकडे केले. ते गट आपण सगळ्या जगावर एकाच रांगेत पसरवून टाकले.

आता व्हरांड्यात ९ मीटर १७ वर उभी राहून मी काय लिहू? ‘कांस्ययुग’? गीझात तेव्हा पिरॅमिड उठत होता, सिंधूकाठी नगरं वसत होती. त्याच वेळी गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात नखाएवढ्या दगडी पात्यांची, सूक्ष्मास्त्रांची, हत्यारं घेऊन माणसं शिकारीला जात होती. ती मागासलेली होती असं नाही. त्यांचं भागत होतं.

म्हणून एका पट्ट्याचे पाच केले, एकाखाली एक, प्रत्येकी २० सेंटिमीटर उंच: मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधू, चीन, महाराष्ट्र. उभी रेघ ओढली की त्या क्षणी कोण काय करतंय ते दिसेल. युगाचं नाव प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या ठिकाणी सुरू होईल. पेरूमधलं काराल हे प्राचीन नगर घ्यायचं फार मनात होतं, पण सहावा पट्टा घेतला तर खालचा बाकांच्या पाठी लागून घासला जाईल. राहू दे.

मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, चार खाने बरे होते.”

१ डिसेंबर, रविवार

सातवीची चौदा मुलं आणि दोन पालक घेऊन इनामगावला. टेम्पो पालकांपैकीच एकाचा.

मुलांना वाटलं होतं किल्ल्यासारखं काही असेल. वर बघण्यासारखं काही नाही, नदीकाठी उंचवटे तेवढे. मी त्यांना खाली बघायला सांगितलं. रानातली माती काळी, आणि टेकाडावर चढलं की पायाखाली भुरी, राखट, भुसभुशीत. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द सगळ्यांना घरून माहीत. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गावठाण. पण पांढरी पांढरी का, याचा विचार कुणी केला नव्हता. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, शेण, खापरं. गाव उठून गेलं तरी मातीचा रंग राहतो. पुरातत्त्ववाले जुनी वस्ती शोधताना पहिल्यांदा हीच माती शोधतात.

एका मुलाला तळहाताएवढं खापर दिसलं. उचलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तो तिथेच उकिडवा बसून हाका मारत राहिला. नारिंगी लाल, चकाकी नसलेलं, काठाखाली काळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा आणि त्यांत तिरप्या रेघांची जाळी. रेघ एका जागी थोडी जाड झालीय, कुंचला तिथे टेकून पुन्हा उचललेला दिसतो. नखाने टिचकी मारली तर मडक्यासारखं बद्द नाही, टणटण वाजलं. संगमनेरजवळच्या जोर्व्यात १९५०-५१ च्या उत्खननात ही भांडी पहिल्यांदा नीट ओळखली गेली, म्हणून जोर्वे. फोटो काढला, खापर जागेवरच ठेवलं. परतीच्या वाटेत त्या पोराने टेम्पोच्या फाळक्यापासून डब्याच्या झाकणापर्यंत सगळ्याला टिचक्या मारून झाल्या.

इथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये बारा हंगाम खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली नावं. एकशे तीसहून जास्त घरं उजेडात आली. प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार, पाणी वळवायला बांध आणि पाट. सातू पिकत होता. पाटाजवळ मुलं सर्वांत जास्त रमली. पाणी कुणी कुणाला आधी द्यायचं, यावरून तेव्हाही भांडणं होत असतील का, हा प्रश्न एका शेतकरी पालकाने विचारला आणि स्वतःच “होणारच” म्हणून मोकळा झाला.

५ डिसेंबर, गुरुवार

मुख्याध्यापकांशी वाद, विषय दफनं.

इनामगावात लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाला खड्ड्यात ठेवताना घोट्याखालचे पाय तोडलेले असत. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा उठून फिरू नये म्हणून, असा तर्क आहे. फक्त प्रमुखाच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक माणूस सापडला, पाय शाबूत.

सरांचं म्हणणं, पहिलीची पोरं याच व्हरांड्यात डबा खातात. मला ते पटलं. मडकी काढायची, तोडलेले पाय नाहीत. रांजण काढायचा. बाकीचं सातवीला तोंडी.

९ डिसेंबर, सोमवार

आज मामांशी बिनसलं.

पट्ट्यांच्या कडा मला विरलेल्या हव्यात, ओल्या स्पंजने टिपल्यासारख्या. त्यांनी मास्किंग टेप लावून करकरीत रेघा मारल्या होत्या. मी त्यांना खालच्या पायरीवर बसवून सांगितलं. जळक्या दाण्यातला किंवा कोळशातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, उरलेला मोजून वय काढतात. विलर्ड लिबी यांनी ही रीत १९४९ मध्ये दाखवली. पण तारीख कधी एकटी येत नाही, अधिक-उणे घेऊन येते. ५० वर्षांचं अधिक-उणे धरलं तरी या भिंतीवर डावीकडे १० सेंटिमीटर, उजवीकडे १०. शिवाय एका सकाळी उठून कुणी म्हटलं नाही की आजपासून ताम्रयुग.

मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ते खरं असेल बाई. पण कड फाटलेली दिसली की लोक म्हणणार, म्हाताऱ्याचा हात कापायला लागला.”

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तोड अशी निघाली: कडा विरलेल्याच, पण पट्ट्यांच्या मधल्या आडव्या रेघा दोरीसारख्या सरळ, आणि कोपऱ्यात त्यांची सही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दायमाबादचा रथ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार कांस्य वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा माणूस १६ सेंटिमीटरचा.

मामांचं बालपण बैलगाडीत गेलेलं. फोटो बघून त्यांनी आधी जू तपासलं, मग दांडी, मग विचारलं, “आरे किती?” आरे नाहीत, चाकं भरीव. “मग रथ कशाला म्हणता? गाडा म्हणा.” दांडीवर उभा असलेला कुत्रा त्यांनीच मला दाखवला. मी इतक्या वेळा फोटो पाहिलाय, कुत्रा कधी नजरेत आला नव्हता.

हा गाडा ठेवायचा कुठे? दायमाबादला उत्तर हडप्पा काळातली वस्ती होती, सिंधू लिपीच्या खुणा असलेली खापरंही तिथे निघालीत. म्हणून बरेच जण या वस्तू इ.स.पू. २००० च्या आसपासच्या धरतात. पण त्या उत्खननाच्या थरातून आलेल्या नाहीत, आणि धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघाल्याने काहींनी हा काळ मान्य केलेला नाही. गाडा महाराष्ट्राच्या पट्ट्यात काढलाय, खाली वर्ष लिहिलेलं नाही. चाकं जमिनीला टेकवलेलीही नाहीत. मामा म्हणाले, लटकताना बरा दिसतो.

१८ डिसेंबर, बुधवार

मोठी चूक, माझीच.

हडप्पाचं चित्र ५ मीटर २० वर रंगवून झालं. सातवीतली एक मुलगी डबा खाता खाता म्हणाली, “बाई, गौतम बुद्ध हडप्पाच्या शेजारी कसे आले?” इ.स.पू. २६०० हे ‘२६०० वर्षांपूर्वी’ म्हणून मोजलं होतं. इकडची दोन हजार वर्षं मिळवायचीच राहिली. वर्गात मी दर वर्षी याच चुकीचे गुण कापते.

पुसून नऊ सव्वानऊवर घेतलं. जुन्या जागी पांढऱ्यावर पांढरा डाग दिसतो आणि उन्हं तिरपी आली की त्यातून विटांच्या रेघा वर येतात.

३० डिसेंबर, सोमवार

लिपीचा आठवडा. उरुकच्या पाट्यांवर काय आहे म्हणून मामांनी विचारलं. सातू किती आला, बिअर किती वाटली, मेंढ्या किती. “म्हणजे पहिली वही किराणावाल्याची,” असं म्हणून त्यांनी ती पाटी सगळ्यांत मन लावून रंगवली. चीनच्या पट्ट्यात आन्यांगची हाडं: शांग राजांनी भविष्य विचारायला तापवून तडकवलेली, त्यांवर कोरलेले प्रश्न, इ.स.पू. १२५० च्या सुमाराचे. इजिप्त पटकन उरकलं, मुलांना त्यातलं सगळं आधीच येतं.

मामांचा खरा जीव जडला तो कच्छमधल्या धोलावीरा या सिंधू संस्कृतीच्या नगरावर. किल्ल्याच्या उत्तर दारापाशी सापडलेला फलक, साधारण तीन मीटरचा. त्यावर जिप्समचे तुकडे बसवून केलेली दहा चिन्हं, प्रत्येक जवळजवळ ३७ सेंटिमीटर उंच. लाकडी फळी कुजून गेली, चिन्हं तशीच ओळीने जमिनीवर राहिली. वाचता आजही येत नाहीत.

“फळी गेली आणि अक्षरं राहिली?” मामा बराच वेळ त्या फोटोकडे बघत होते. “माझं उलटं होतं. अक्षरं उडतात, पत्रा राहतो.”

दहाही चिन्हं त्यांनी साचा न वापरता काढली. काय लिहिलंय ते न कळता पाटी रंगवायची ही त्यांची पहिलीच वेळ नाही म्हणे. एकदा कन्नडमध्ये रंगवली होती.

८ जानेवारी २०२५, बुधवार

महाराष्ट्राच्या पट्ट्यावर वाचता येणारी अक्षरं पहिल्यांदा आली: अशोकाचा सोपाऱ्याचा लेख, साडेचार मीटरवर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी शोधलेला, आठव्या आज्ञापत्राचा तुकडा. वर मेसोपोटेमियात अक्षरं साडेदहा मीटरपासून चाललीत. मधल्या जवळजवळ सहा मीटरांत आपल्याकडे एकही नाव नाही. इनामगावच्या प्रमुखाला घरचे काय हाक मारत होते, कोण जाणे. जे कळलं ते खापर, राख, हाड आणि जळके दाणे यांवरून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सिंधूच्या पट्ट्यात तीळ वाढवले. हडप्पाच्या उत्खननात जळक्या तिळांचा गोळा निघाला होता. मुलींनी हलव्याचे दाणे चिकटवायचा प्रयत्न केला, मुंग्या लागल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल सकाळपर्यंत सगळं आवरलं होतं. महाराष्ट्राच्या पट्ट्यात लोखंडही झालं होतं: विदर्भातली शिळावर्तुळं (दफनांभोवती रचलेली दगडांची कडी), नागपूरजवळचं जुनापाणी, माहुरझरीची तांब्याने सजवलेली घोड्याची साजसामग्री, नैकुंडची लोखंड गाळायची भट्टी. मी ते इ.स.पू. ८०० च्या आसपास सुरू केलं, ५ मीटर ६५ वर. मजा अशी की इनामगाव अजून ५ मीटर ४५ पर्यंत चालूच आहे. तिथे तेव्हा पाऊसमान घटलेलं, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आलेल्या. एकाच पट्ट्यात वीस सेंटिमीटरभर ताम्रपाषाणयुग आणि लोहयुग एकमेकांवर चढलेत. मामांनी स्पंज फिरवून दोन्ही रंग मिसळले तेव्हा मला बरं वाटलं.

आणि काल दुपारी बातमी आली. तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी अहवाल जाहीर केला: थूथुकुडी जिल्ह्यातल्या शिवगळै इथे लोखंडासोबतच्या नमुन्यांची वयं इ.स.पू. ३३४५ पर्यंत मागे जातात. म्हणजे १० मीटर ७४. उरुकच्या पाट्यांच्याही आधी. पुस्तकांत लोहयुग इ.स.पू. १२०० च्या आगेमागे सुरू होतं.

माझ्या भिंतीवर तमिळनाडूला पट्टाच नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, परवा झेंडावंदन, पाहुणे येणार, आता काही उकरू नका. मला घाईने पक्क्या रंगात लिहायचंही नाही. अभ्यासक अजून वाद घालणार, आणखी नमुने तपासणार. पण डोळेझाक करून गप्प बसायचं तर बोरीची साडेसव्वीस मीटर तुटक रेघ कशाला ओढली? शेवटी महाराष्ट्राच्या खालची सहा इंच जागा रिकामी होती, तिथे खडूने तुटक पट्टा काढला: शिवगळै, लोखंड? बाकांच्या पाठीने घासला जाईल तेव्हा मुलं पुन्हा काढतील.

२६ जानेवारी, रविवार

फीत कापली. सरपंच, पाहुणे, ग्रामस्थ फाटकाकडून निघाले ते पहिल्या दहा कुऱ्हाडींपर्यंत वाचत आले, मग गप्पा मारत चालले. पिंपळापाशी एक आजी थांबल्या आणि विचारलं, “अजून दगडच का?” त्यांना म्हटलं, अजून दगडच. त्या पारावर टेकल्या.

व्हरांड्यात गर्दी गाड्यापाशी. कुत्रा कुणालाच दिसला नाही, मामांनी सगळ्यांना दाखवला.

३१ जानेवारी, शुक्रवार

लोकवर्गणीचा हिशोब दिला. लाल ऑक्साइड अर्धा डबा शिल्लक, पांढरा संपला. व्हरांड्याला वॉर्निशचा एक हात बाकी.

सकाळी शाळेत आले तर कोपऱ्यावर उसाची ट्रॉली वळताना भिंतीला घासून गेलेली. प्लास्टरसकट रंग निघालाय. पट्टी लावून बघितलं: लाल चौकटीतल्या वीतेचे शेवटचे तीन सेंटिमीटर गेलेत. म्हणजे अजिंठ्याची शेवटची लेणी कोरून झाल्यानंतरचं सगळं.

मामांना फोन केला. त्यांनी किती गेलं ते विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, “सोमवारी येतो. दीड हजार वर्षांना पाऊण तास पुरे. आधी तेवढं सिमेंट भरून ठेवा.”